मोठ्या आईचं विसरणं आणि डोक्यावरचं चुंबक

कोजागिरीच्या आसपासची गोष्ट. रात्री साडेनवाला दादाचा फोन आला. "काय वं बाई, तू सायन्स शिकवते ना? मंग सांग, चुंबकानं याद वापस येते म्हणते, खरं हाय का थे?"

त्याला कुणीतरी मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला होता. पांढरीशुभ्र खोली, खुर्चीत एक म्हातारी, तिच्या डोक्याला टेकवलेलं दोन वाटोळी जोडल्यासारखं काहीतरी आणि टकटक टकटक आवाज. शेवटी शहरातल्या एका सेंटरचा नंबर. दादानं तो लावूनही पाहिला. तिकडून पॅकेजचा आकडा आला तो त्याच्या चार एकर पऱ्हाटीच्या एका हंगामाइतका. म्हणून मग त्याला चुलत बहिणीचं सायन्स आठवलं.

दादाची आई म्हणजे माझी थोरली काकू. आमच्याकडे तिला मोठी आई म्हणतात. वय शहात्तर. दोन वर्षांपासून तिचं विसरणं सुरू आहे. आधी दूध उतू जाऊ लागलं, मग चष्मा पिठाच्या डब्यात सापडू लागला, मग "पोट्टे शाळेतून आले का?" हा प्रश्न दिवसातून दहादा. पोट्ट्यांची लग्नं होऊन गेली आहेत. आणि यंदा ऐन श्रावणात ती वावरातून घरी येताना पांदणीवर उलटी वळली. दिवस मावळल्यावर शेजारच्या गावच्या नाल्याकाठी बाभळीखाली बसलेली सापडली. ज्या पांदणीवरून पन्नास वर्षं ये-जा केली, तिथं.

गावानं निदान लगेच केलं. कुणी म्हणालं साठी बुद्धी नाठी, कुणी म्हातारचळ, कुणी बाहेरचं. लिंबू उतरवून झाला. चुंबकाचा व्हिडिओ त्यानंतर आला, म्हणजे लिंबापेक्षा चुंबक बरं असं म्हणायला हरकत नाही. पण चुंबक नेमकं काय करतं हे दादाला फोनवर सांगता येईना. म्हणून हे सविस्तर लिहायला घेतलं.

आधी आजार. १९०१ साली जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या इस्पितळात ऑगस्ट डेटर नावाची पन्नाशीची बाई दाखल झाली. तिला स्वतःचं नाव लिहिता लिहिता विसरायला व्हायचं. ती गेल्यावर तिचा मेंदू आलोइस अल्झायमर या डॉक्टरनं सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि १९०६ साली आपलं निरीक्षण जगापुढे मांडलं. पेशींच्या बाहेर कसले तरी थर साचलेले, पेशींच्या आत धाग्यांचा गुंता. आज त्या थराला अमायलॉइड म्हणतात आणि गुंता होतो तो टाऊ नावाच्या प्रथिनाचा. या दोन्हींपायी मेंदूच्या पेशी एकमेकींशी बोलेनाशा होतात आणि पुढे मरतात. पंच्याहत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला हे होत नाही, म्हणून याला म्हातारपण म्हणणं चूक आहे. हा आजार आहे. भारतात साठीच्या वरच्या दर शंभरांमागे साधारण सात जणांना स्मृतिभ्रंश आहे, म्हणजे जवळजवळ ८८ लाख माणसं, असं २०२३ साली छापून आलेल्या देशभरच्या पाहणीत दिसलं. त्यातही प्रमाण बायांमध्ये जास्त आणि खेड्यांत जास्त. अल्झायमर हा या स्मृतिभ्रंशाचा सगळ्यांत मोठा प्रकार.

एक गोष्ट घरच्यांना फार गोंधळात पाडते. मोठी आई सकाळी चहा घेतला की नाही हे सांगू शकत नाही, पण बहात्तरच्या दुष्काळात मिळालेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी कशा तुटायच्या हे हातवारे करून सांगते. वहिनी म्हणते, "नाटक करते बुढी. सोयीचं तेवढं ध्यानात राहते इच्या." नाटक नाही. आजार पहिला घाला घालतो तो हिप्पोकॅम्पस नावाच्या भागावर. कानाच्या आत, मेंदूच्या खोल पोटात करंगळीएवढी ती जागा. नवीन आठवण तिथून रुजते. जुनी आठवण एकदा रुजली की ती मेंदूभर पसरते, तिला त्या जागेची तितकी गरज उरत नाही. मिलोची भाकर मेंदूभर आहे. आजचा चहा रुजलाच नाही. आणि हातांची आठवण तर वेगळ्याच भागांत असते. कापूस वेचायला बसवली तर मोठी आई आजही बोंडातून चारही पाकळ्या एका झटक्यात काढते, काडीकचरा येऊ देत नाही. फक्त ओटीतला कापूस कुठे ओतायचा ते विचारत बसते.

आता यंत्र. त्याचं नाव टीएमएस. मराठीत कवटीबाहेरून चुंबकानं मेंदूला चेतवणं असं म्हणू. हे समजायला गावातल्या कुणालाही पुस्तक लागत नाही, कारण वावराच्या कडेला डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, उभी आहे.

डीपीत काय असतं? तेलात बुडवलेली दोन वेगळी गुंडाळणी. वरच्या मोठ्या लाईनची एक, आपल्या मोटरकडे येणारी दुसरी. दोन्हींत तारेनं जोडणी नसते. पहिल्या गुंडाळणीतला प्रवाह सारखा बदलत राहतो, त्यामुळे तिच्याभोवतीचं चुंबकत्व बदलत राहतं, आणि त्या बदलत्या चुंबकत्वामुळे दुसऱ्या गुंडाळणीत आपोआप वीज उभी राहते. मायकेल फॅरडेनं हे १८३१ साली दाखवलं. डीपी त्याच नियमावर चालते आणि टीएमएसही. व्हिडिओतली ती दोन वाटोळी म्हणजे पहिली गुंडाळणी. दुसरी गुंडाळणी म्हणजे चक्क आपला मेंदू, कारण मेंदूच्या पेशीही विजेवरच बोलतात. वाटोळ्यांतून सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळ हजारो अँपिअरचा झटका जातो, एमआरआयच्या यंत्राइतकं जोरकस चुंबकत्व क्षणभर उभं राहतं, ते केस, कातडी, कवटी बिनबोभाट पार करतं आणि खालच्या पेशींत हलकीशी वीज उठवतं. कवटी उघडायची नाही, सुई नाही, भूल नाही. १९८५ साली इंग्लंडमधल्या शेफिल्डला अँथनी बार्कर आणि सहकाऱ्यांनी असं यंत्र माणसाच्या डोक्यावर धरलं आणि हाताच्या स्नायूंना सांगितल्याशिवाय हात हलला. आजही पेशंटला किती जोराचा झटका द्यायचा हे ठरवताना आधी हातावर ताबा ठेवणारी जागा शोधतात आणि अंगठा किंवा बोट किती जोरावर हलतं ते पाहतात.

इथं एक आडवाट घेते, कारण दादानं लगेच विचारलं, "मंग जत्रेत भेटते थे चुंबकाची माळ गळ्यात घातली तं?" काही होणार नाही. डीपीची लाईन बंद करा, आतलं लोखंड तिथंच असतं, पण मोटर फिरते का? वीज उठते ती चुंबकत्व बदललं तरच. माळेतलं, गादीतलं, पाण्याच्या ग्लासातलं चुंबक एका जागी गुमान बसलेलं असतं. ते डोक्याला बांधून वर्षभर फिरलं तरी पेशींना पत्ता लागत नाही. चुंबकाच्या नावावर जे काही विकलं जातं त्यातलं बहुतेक या एका वाक्यात निकाली निघतं.

आणि हा शॉक नव्हे. शॉक ट्रीटमेंट म्हणतात ती वेगळी, १९३८ पासूनची. तीत भूल देऊन मेंदूत मुद्दाम फिट आणतात. तीही काही आजारांत उपयोगी आहे, सिनेमांनी तिची बदनामी केली तेवढी ती राक्षसी नाही. पण टीएमएसमध्ये माणूस जागा असतो, गप्पा मारू शकतो, संपल्यावर उठून चालत घरी जातो. डोकं दुखणं, झटक्याच्या जागी टोचल्यासारखं होणं हे नेहमीचे त्रास. आवाज मोठा म्हणून कानात बोळे घालतात. फिट येण्याचा धोका आहे, पण फारच विरळ, म्हणूनच मिरगी असलेल्याला जपून. डोक्यात धातूची क्लिप, कानात बसवलेलं यंत्र किंवा छातीत पेसमेकर असेल तर आधीच सांगायचं. दात भरलेले असले तर चालतं. कानातल्या बुगड्या मात्र काढाव्या लागतात, आणि मोठ्या आईच्या बुगड्या पन्नास वर्षांत कुणी काढलेल्या नाहीत. तो प्रसंग वेगळाच होईल.

मग हे यंत्र आठवणींवर चालवण्यात अडचण काय? अडचण खोलीची. या चुंबकाची वीज कवटीखाली जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर पोचते. हिप्पोकॅम्पस त्याहून कितीतरी खोल. म्हणजे जी मोटर बंद पडली आहे ती विहिरीच्या तळाशी आणि आपला हात काठावर.

पण विहिरीतली मोटर सुरू करायला कुणी विहिरीत उतरत नाही. धुऱ्यावरच्या पेटीतलं स्टार्टर दाबतो. मेंदूतही असंच आहे. कुठलाच भाग एकटा काम करत नाही. हिप्पोकॅम्पसच्या तारा वरवरच्या काही भागांशी जोडलेल्या आहेत. २०१४ साली अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या जोएल व्हॉस यांच्या गटानं सोळा धडधाकट माणसांवर हे करून पाहिलं. डोक्याच्या बाजूच्या, वरवरच्या भागावर पाच दिवस चुंबक चालवलं. खालच्या हिप्पोकॅम्पसशी असलेली त्याची जोडणी बळकट झाली आणि चेहरे व शब्द यांच्या जोड्या लक्षात ठेवणं सुधारलं. स्टार्टर दाबून मोटर फिरली.

धडधाकट माणसांवर, हे लक्षात ठेवा.

आजारी माणसांवरचं सगळ्यांत लक्षवेधी काम रोमच्या सांता लुचिया फाउंडेशनमधल्या जाकोमो कोख यांच्या गटाचं. त्यांनी निवडलेली पेटी प्रीक्युनिअस नावाची. टाळूच्या थोडं मागं, मेंदूच्या दोन फाळ्यांमधल्या खाचेत हा भाग असतो. माणूस काही न करता नुसता बसलेला असतो, मागचं आठवत, स्वतःशी बोलत, तेव्हा जे जाळं जागं असतं त्याचा हा नाका. अल्झायमरची झळ या नाक्याला फार लवकर लागते. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात सौम्य ते मध्यम आजाराचे पन्नास जण होते. चोवीस आठवडे. पहिले दोन आठवडे रोज, म्हणजे आठवड्यातले पाच दिवस, आणि नंतरचे बावीस आठवडे आठवड्यातून फक्त एकदा. एका वेळी वीस मिनिटं: दोन सेकंद झटके, अठ्ठावीस सेकंद विसावा, असं चाळीस वेळा. सेकंदाला वीस झटके या हिशेबानं एका बैठकीत १६०० टकटक.

अर्ध्या लोकांना खरं चुंबक, अर्ध्यांना खोटं. खोट्यात आवाज तसाच, खुर्ची तशीच, पण मेंदूत वीज नाही. हे कशासाठी, असं दादा विचारणारच. तर मोठ्या आईला तालुक्याला नेऊन आणलं की ती दोन दिवस ताजी असते. गाडीत बसणं, रस्त्यात चहा, नर्सबाईनं "कशा आहात आजी" म्हणणं, यानंच बोलकी होते. खोट्या चुंबकाशी तुलना केल्याशिवाय सुधारणा चुंबकाची की चहाची, हे कसं कळणार? व्हिडिओत ही तुलना कधीच नसते.

चोवीस आठवड्यांनंतर खोट्या चुंबकाचे लोक अल्झायमरमध्ये खालावतात तसे खालावले. खऱ्या चुंबकाचे जवळपास होते तिथंच राहिले. रोजची कामं करण्याची ताकदही त्यांची जास्त टिकली. ही बातमी आनंदाची आहे, मी ती कमी लेखणार नाही. पण नीट वाचा: होते तिथंच राहिले. हरवलेलं परत आलं, असं नाही. दादाच्या व्हिडिओतला दावा परत आणण्याचा होता. या अभ्यासात दिसलं ते थोपवून धरणं. शेतकऱ्याला हा फरक समजावावा लागत नाही. बोंडअळी थोपवणं वेगळं आणि किडलेल्या बोंडाचा कापूस करणं वेगळं. आणि पन्नास माणसं म्हणजे आमच्या गावच्या एका आळीएवढी. एवढ्यावरून देशभरच्या ८८ लाखांचा निकाल लागत नाही.

उलट बाजूही सांगायला हवी. चुंबक आणि त्यासोबत संगणकावर बुद्धीचे खेळ असं एकत्र देणारं एक यंत्र २०१९ साली एफडीएच्या, म्हणजे औषधं-यंत्रांना मान्यता देणाऱ्या अमेरिकेच्या सरकारी संस्थेच्या, तज्ज्ञांपुढे आलं. फायदा पुरेसा ठळक नाही म्हणून त्यांचा कौल अनुकूल पडला नाही. त्याच एफडीएनं टीएमएसला नैराश्यासाठी २००८ सालीच आणि मंत्रचळेपणासाठी २०१८ साली मान्यता दिलेली आहे. म्हणजे यंत्र खोटं नाही, नैराश्यात ते खरोखर उपयोगी पडतं. २०२० साली युरोपातल्या तज्ज्ञांनी सगळे अभ्यास चाळून प्रतवारी लावली तेव्हा नैराश्याला पहिली प्रत मिळाली, अल्झायमरला तिसरी: कदाचित उपयोग होत असावा, तोही सुरुवातीच्या टप्प्यात. पहिल्या प्रतीच्या कापसाचा भाव दाखवून तिसऱ्या प्रतीचा माल विकणं, हा प्रकार आमच्या भागात सगळ्यांच्या ओळखीचा आहे.

सुरुवातीच्या टप्प्यात, हे का? परत स्टार्टरकडे या. पेटी दाबली तरी मधली केबल शाबूत पाहिजे. उंदरांनी केबल कुरतडून टाकली असेल तर कितीही बटण दाबा, तळाची मोटर ढिम्म. चुंबक नवीन पेशी बनवत नाही, अमायलॉइडचे थर धुऊन काढतं असंही माणसात सिद्ध झालेलं नाही. ते जिवंत असलेल्या जोडण्यांना पुन्हापुन्हा चेतवून घट्ट करतं. पांदणीवरून रोज बैलबंडी गेली की चाकोरी पडते तसं. गेली नाही की बोरीबाभळी माजतात. म्हणूनच रोमवाल्यांनी दोन आठवड्यांनंतर थांबवलं नाही, आठवड्याची फेरी चालू ठेवली. आणि जिथं पांदणच वाहून गेली तिथं बंडी हाकून काय उपयोग?

या कारणासाठी मला गावच्या निदानाचा राग येतो. "म्हातारपण हाय, होतेच" म्हणत दोन-तीन वर्षं जातात आणि ज्या काळात काही थोपवता आलं असतं तोच काळ हातचा जातो. मग बुढी रस्ता चुकली की धावपळ. वरातीमागून घोडं.

विजेचे आणखी प्रकार आहेत, ते पटकन सांगते. एकात डोक्याला ओले स्पंज लावून एक-दोन मिलिअँपिअरची अगदी बारीक वीज सोडतात. ती पेशींना झटका देत नाही, नुसती तयारीत ठेवते. यंत्र स्वस्त, लहान, घरी वापरता येईल असं, म्हणून गरीब देशांना त्याची आशा जास्त. पुरावा मात्र उलटसुलट. यूट्यूबवर बघून नऊ व्होल्टच्या सेलवर घरीच करून पाहणारे असतात, त्यांनी कातडी भाजून घेतलेली आहे. दुसरा प्रकार लयीचा: २०२२ साली बोस्टन विद्यापीठातल्या रॉबर्ट राइनहार्ट यांच्या गटानं ६५ ते ८८ वयाच्या दीडशे निरोगी लोकांना चार दिवस रोज वीस मिनिटं ठराविक लयीची वीज दिली, तर शब्द लक्षात ठेवणं महिनाभर सुधारलेलं दिसलं. पुन्हा, निरोगी. तिसरा प्रकार लुकलुकत्या दिव्याचा, सेकंदाला चाळीस वेळा. एमआयटीत २०१६ साली त्यानं उंदरांच्या मेंदूतला अमायलॉइड कमी झालेला दिसला आणि जगभर गाजावाजा झाला. २०२३ साली दुसऱ्या प्रयोगशाळेनं तेच करून पाहिलं तर त्यांना तसं आढळलं नाही. माणसांवरचे प्रयोग चालू आहेत. तोवर कुणी लुकलुकता बल्ब विकायला आला तर चहा पाजून परत पाठवा.

आता खरी अडचण, जी कुठल्याच शोधनिबंधात नसते. दहा अधिक बावीस म्हणजे बत्तीस फेऱ्या. आमच्या भागातला माणूस मोठ्या दवाखान्यासाठी यवतमाळ, सेवाग्राम नाहीतर नागपूर गाठतो. मोठी आई पंच्याहत्तरीच्या वर, तिला एसटी फुकट, २०२२ पासून. सोबत कोण जाणार? दादा गेला तर पूर्ण तिकीट, वहिनी गेली तर अर्धं, २०२३ पासून बायांना सवलत आहे ना. म्हणजे घराच्या हिशेबात वहिनीच जाणार. तिची वेचणीची मजुरी बुडणार, परत येऊन भाकरी तीच टाकणार. रोमच्या अभ्यासात चोवीस आठवडे पेशंट टिकले, पण त्यांना आणणाऱ्या सुनांचं काय झालं ते तक्त्यात लिहिलेलं नाही. मेंदूला वीस मिनिटं वीज द्यायला येण्याजाण्यात अख्खा दिवस, असा हा सौदा आहे. पहिले दोन आठवडे तर शहरात खोली करूनच राहावं लागेल, तेही ऐन सीतादहीच्या, म्हणजे कापूस वेचणी सुरू होण्याच्या दिवसांत.

म्हणून चुंबकाच्या आधी जे करायचं ते आम्ही दिवाळीनंतर केलं. सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांचं मला कौतुक वाटलं. त्यांनी तारीख विचारली नाही. मोठी आई कधी शाळेत गेली नाही, तारीख तिला तरुणपणीही सांगता आली नसती. त्यांनी बाजाराचा वार विचारला, ती म्हणाली सोमवार, बरोबर. आठवड्याचे वार उलटे म्हणायला लावले, तिथं अडखळली. तीन वस्तूंची नावं सांगून पाच मिनिटांनी विचारली, एकही नाही. न शिकलेल्यांसाठीच्या अशा चाचण्या नव्वदच्या दशकात हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांत तयार झाल्या, वार उलटे म्हणणं हे तिथलंच. शिकलेल्यांची चाचणी आपल्या बायांवर लावली की धडधाकट बाईसुद्धा आजारी ठरते.

मग रक्त तपासलं. बी-१२ फार कमी निघालं. हे सगळ्यांनी ऐकून ठेवावं. बी-१२ कमी असणं, थायरॉइड मंद असणं, नैराश्य, पडून डोक्यात हळूहळू साचलेलं रक्त, काही झोपेच्या गोळ्या, या सगळ्यांनी माणूस अल्झायमरसारखाच विसरतो आणि यातलं बरंचसं बरं होतं किंवा सुधारतं. तिथं बत्तीस वेळा चुंबक लावणारा पैसे घेईल आणि दुखणं तसंच राहील. मोठ्या आईला इंजेक्शनं सुरू झाली, चालण्यातला डळमळीतपणा कमी झाला, थोडी तरतरी आली. विसरणं मात्र राहिलं. मेंदूचा फोटो आणि बाकी सगळं पाहून डॉक्टरांनी अल्झायमर सांगितला, सौम्य आणि मध्यम यांच्या सीमेवरचा. डोनेपेझिलची गोळी दिली. ती १९९६ पासून वापरात आहे, आजार थांबवत नाही, पण पेशींमधला निरोप पोचवणारं रसायन जास्त वेळ टिकवते. काहींना काही काळ फरक पडतो. ऐकायला कमी येतं म्हणून कानही तपासायला सांगितले. ऐकू न येणं हे स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांपैकी मोठं कारण मानतात. वहिनीला कुणाशी बोलावंसं वाटलं तर मानसिक आधारासाठीचा टेलिमानसचा १४४१६ आणि ज्येष्ठांसाठीचा १४५६७ हे दोन फुकटचे सरकारी नंबर भिंतीवर लिहून ठेवले, गॅसच्या नंबराखाली.

पांदणीच्या फाट्यावरच्या बाभळीला दादानं वहिनीच्या जुन्या लाल पातळाची पट्टी बांधली आहे. मोठी आई ती पाहून थांबते आणि बरोबर वळते. कधीकधी पट्टीशीच बोलत उभी राहते.

दादाच्या डोक्यातून चुंबक मात्र गेलेलं नाही, आणि जाऊही नये. डॉक्टरांनी संक्रांतीनंतर परत बोलावलं आहे. तेव्हा विचारायला म्हणून जिनिंगच्या काटा-पावतीच्या मागं मी त्याला प्रश्न लिहून दिले. टीएमएस कुठल्या आजारासाठी देता, अल्झायमरसाठी की नैराश्यासाठी? डोक्यावर नेमकं कुठं लावणार? पहिल्या दोन आठवड्यांनंतर पुढं किती महिने? फरक पडला की नाही हे कोणत्या चाचणीनं मोजणार, आणि कोण मोजणार? हे संशोधन असेल तर सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत त्याचा नंबर काय, आणि संमतीचा कागद मराठीत मिळेल का? संशोधन आहे तर मग आमच्याकडून पॅकेजचे पैसे कसले?

पावती त्यानं चष्म्याच्या डबीत घडी करून ठेवली. परवा गेले तर त्यानं काढून दाखवली. खाली पेन्सिलनं स्वतः एक प्रश्न वाढवला होता: "हप्त्यातून एकदा म्हणजे कोणत्या वारी? सोमवारी आमचा बाजार असते."